वालाचे बिरडे आणि परळची प्रयोगशाळा

यंदाच्या स्मरणिकेसाठी "आहारशास्त्रावर चार शब्द लिहा, तुम्ही शाळेत तेच शिकवत होता ना?" असे आपल्या चिटणीसबाईंनी मला सांगितले, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. प्रथिने, स्निग्ध पदार्थ आणि जीवनसत्त्वे यांचा धडा मी सत्तावीस वर्षे मुलींना शिकवला आहे, आणि तो ऐकताना मुलींच्या चेहऱ्यांवर जी कळा येते ती माझ्या चांगली परिचयाची आहे. स्मरणिका वाचताना आपल्या भगिनींचीही तशीच अवस्था व्हावी असे मला वाटत नव्हते. परंतु गेल्या वर्धापनदिनाच्या जेवणात वालाच्या बिरड्यावरून जो वाद झाला, तो पुष्कळ जणींना आठवत असेल. त्या वादाला मी त्या दिवशी नीट उत्तर देऊ शकले नाही. ते आज द्यावे, एवढ्यासाठी लेखणी हाती घेतली आहे.

वाद असा होता. नुकतेच लग्न होऊन नेरूळला राहावयास आलेल्या एका भगिनीने विचारले, "रात्री वाल भिजत घालायचे, दुसऱ्या दिवशी फडक्यात बांधून मोड आणायचे, तिसऱ्या दिवशी कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलायचा, एवढा खटाटोप कशाला? कुकरला लावले की झाले!" त्यावर "आमच्या सासूबाई असेच करीत" इथपासून "नाही तर वाल बाधतात" इथपर्यंत उत्तरे आली. "बाधतात म्हणजे नेमके काय होते?" असे तिने पुन्हा विचारले, तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, "पचायला जड असतात." हे काही उत्तर नव्हे. प्रश्नच दुसऱ्या शब्दांत तिला परत दिला, एवढेच.

पुढे मी शोधू लागले, तेव्हा उत्तर फार लांब नव्हते. मुंबईत काळ्या घोड्याजवळ जी जुनी विज्ञान संस्था आहे, पूर्वीची रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स, तेथे ते निघाले होते, आणि ते काढणाऱ्या डॉ. कमला सोहोनी ह्या आपल्यासारख्याच मराठी घरात वाढलेल्या होत्या.

कमलाबाईंचे माहेरचे आडनाव भागवत. दुर्गाबाई भागवत यांच्या त्या धाकट्या बहीण. दुर्गाबाईंचे नाव ठाऊक नाही असे वाचणारे मराठी घर विरळा. पण कमलाबाईंचे नाव मला शिक्षिकेची नोकरी लागल्यावरही कित्येक वर्षे ठाऊक नव्हते, हे लिहिताना संकोच वाटतो. त्यांचा जन्म १९११ सालचा, इंदूरचा. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्राचे जाणकार, बंगलोरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले. १९३३ साली कमलाबाई मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. परीक्षा पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाल्या, आणि वडिलांच्याच संस्थेत संशोधन करावे म्हणून त्यांनी बंगलोरला अर्ज धाडला. संस्थेचे संचालक होते सर चंद्रशेखर वेंकट रामन. त्यांना नोबेल पारितोषिक मिळून तीन वर्षे झाली होती. अर्ज नामंजूर झाला. गुण कमी नव्हते. अर्जदार मुलगी होती.

त्या काळची एखादी मुलगी मुकाट्याने घरी बसली असती. ह्या उठून बंगलोरला गेल्या, रामन यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि नकाराचे कारण काय ते विचारू लागल्या. देशात सत्याग्रहाचे दिवस होते आणि तो मार्ग ह्या मुलीलाही ठाऊक होता. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्षभर त्यांना रीतसर विद्यार्थिनी मानले जाणार नाही; मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्री उशिरापर्यंतसुद्धा, काम करावे लागेल; आणि त्यांच्या असण्याने पुरुष संशोधकांचे चित्त विचलित होता कामा नये. ही तिसरी अट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा हसावे की चिडावे हे कळेना. चित्त दुसऱ्याचे, आणि ते सांभाळण्याची जबाबदारी हिच्यावर! कमलाबाईंनी अटी मान्य केल्या, काम करून दाखवले, आणि वर्षाअखेर रामन यांनी त्यांना रीतसर प्रवेश दिला. त्यानंतर तेथे इतर मुलींनाही दार उघडे झाले. मात्र तो अपमान त्या विसरल्या नाहीत. साठाहून अधिक वर्षांनी, अगदी उतारवयात, इंडियन विमेन सायंटिस्ट्स असोसिएशनच्या समारंभात त्यांनी तो उघडपणे बोलून दाखवला. ह्या संस्थेचे मुख्य कार्यालय आपल्या वाशीतच आहे. तेथील पाळणाघरात मुलांना ठेवून नोकरीवर गेलेल्या काही जणी आपल्या मंडळातही आहेत, पण ह्या हकीकतीशी त्या इमारतीचा असा संबंध आहे हे त्यांना ठाऊक असेलच असे नाही.

बंगलोरला श्रीनिवासय्या नावाच्या गुरूंच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध, कडधान्ये आणि शेंगा यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. पुढे त्या केंब्रिजला गेल्या. तेथील जीवरसायन विभागाचे प्रमुख होते सर फ्रेडरिक हॉपकिन्स. अन्नात प्रथिने, स्निग्धांश आणि पिष्टांश यांखेरीज आणखी काही अत्यल्प द्रव्ये असतात आणि त्यांच्यावाचून शरीराची वाढ खुंटते, हे दाखवणाऱ्यांपैकी ते एक. त्याबद्दल १९२९ सालचे नोबेल त्यांना आयकमन यांच्याबरोबर विभागून मिळाले होते. ह्या अत्यल्प द्रव्यांनाच आपण जीवनसत्त्वे म्हणतो. केंब्रिजमध्ये कमलाबाईंनी वनस्पतींच्या पेशींत 'सायटोक्रोम सी' हे द्रव्य असते असे दाखवून दिले आणि अवघ्या चाळीस पानांच्या प्रबंधावर पीएच. डी. मिळवली. १९३९ साली त्या परतल्या. दिल्लीचे लेडी हार्डिंग कॉलेज, मग कुन्नूरची पोषण प्रयोगशाळा, आणि १९४७ साली विवाह होऊन मुंबई.

आता वालाकडे येऊ. मुंबईच्या विज्ञान संस्थेत कमलाबाईंनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी आपल्या रोजच्या खाण्यातील भाज्या आणि कडधान्ये तपासायला घेतली. परदेशी ग्रंथांत सोयाबीन होते. पण आपल्या घरात सोयाबीन कोण खात होते? आपल्याकडे वाल, पावटा, डबल बी. १९५५ साली 'नेचर' ह्या जगन्मान्य नियतकालिकात कमलाबाई आणि त्यांचे सहकारी अंबे यांचा एक छोटा निबंध आला. वाल आणि डबल बी यांच्यातून त्यांनी एक द्रव्य स्फटिकरूपात वेगळे केले होते. त्याचे काम असे, की ते ट्रिप्सिनला अडवते.

ट्रिप्सिन हा आपल्या स्वादुपिंडातून लहान आतड्यात येणारा पाचक रस. प्रथिने म्हणजे लांबच लांब साखळ्या. अमिनो आम्लांचे वीस प्रकारचे मणी त्यांत ओवलेले असतात. ही माळ अख्खी रक्तात जाऊ शकत नाही. ती तोडून मणी सुटे करावे लागतात, आणि शरीर मग त्याच मण्यांतून स्वतःच्या माळा गुंफते: स्नायूंच्या, केसांच्या, रक्तातल्या लाल रंगाच्या. माळ तोडणाऱ्या कात्र्यांपैकी एक मोठी कात्री ट्रिप्सिन. कच्च्या वालातले हे द्रव्य त्या कात्रीत जाऊन अडकते. परिणामी वालात शेकडा वीस-पंचवीस भाग प्रथिने असूनही ती पुरती पचत नाहीत. 'बाधतात' याचा एक अर्थ हा. मोड आले की दाण्यातील साठा कोंबासाठी मोकळा होऊ लागतो आणि हे अडवणारे द्रव्य कमी होते. चांगले शिजवले की त्याचा जोर बहुतांशी मोडतो. तेव्हा त्या नेरूळच्या भगिनीचे कुकरविषयीचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते, हे मला कबूल केले पाहिजे. उष्णतेचे काम कुकर करतोच. भिजवणे आणि मोड आणणे यांनी त्याच्या आधीची वाट सोपी होते, कडवटपणा पाण्याबरोबर जातो, आणि मोडात थोडे 'क' जीवनसत्त्व तयार होते, जे कोरड्या दाण्यात जवळजवळ नसते. सोलण्याने चव येते. सोललेल्या आणि न सोललेल्या बिरड्यातला फरक मला शास्त्राने पटवण्याची गरज नाही.

हे सर्व ज्या मातीत पिकते ती आपल्या पायांखालची आहे. पनवेल, उरण, पेण, अलिबाग ह्या पट्ट्यात भाताची कापणी झाली की शेतात उरलेल्या ओलाव्यावर वाल पेरतात. त्याला वेगळे पाणी लागत नाही. थंडीत कोवळ्या शेंगा मडक्यात भांबुर्डीच्या पाल्यात घालून आगीत भाजतात, ती पोपटी. मी १९८४ साली परळहून वाशीला आले तेव्हा आमच्या सिडकोच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर शेते होती, आणि जुन्या गावातली एक आगरी बाई डोक्यावर पाटी घेऊन वाल विकायला यायची. तिचे शेत कोणत्या सेक्टरमध्ये गेले ते तिने मला एकदा बोटाने दाखवले होते. आता तुर्भ्याच्या बाजारातून वाल येतो, आणि तो दुसऱ्या जिल्ह्यातलाही असतो.

भात आणि वालाचे बिरडे एकत्र खाण्यातही हिशेब आहे. तांदळाच्या प्रथिनात लायसिन नावाचा मणी कमी, डाळी-कडधान्यांत तो भरपूर. उलट कडधान्यांत मेथिओनिन कमी, ते धान्यात बरे. दोन्ही मिळून माळ पुरी होते. प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिन रोज लागते असे आपल्याकडील आहारतज्ज्ञ सांगतात; पन्नास किलोच्या बाईला चाळीस ग्रॅमच्या वर. ते दूध, अंडी, मासळी यांतून सहज मिळते, पण नुसत्या भात-आमटीत आमटी पातळ असेल तर मिळत नाही. आमटी पातळ कोणाच्या वाट्याला येते, हा प्रश्न पुढे येतो.

येथेच थांबले असते तर जुन्या सासूबाईंचा पक्ष जिंकला असे होऊन लेख गोड संपला असता. परंतु स्वयंपाकघरातले सगळेच शहाणपण नव्हे. वाल सोलण्यात आपल्या आज्या जेवढ्या दक्ष होत्या, तेवढ्या स्वतःच्या ताटाविषयी नव्हत्या, आणि त्यांना तसे असूही दिले जात नव्हते. याची हकीकत सांगायची तर मला काळ्या घोड्यावरून परळला आणि कमलाबाईंच्याही आधीच्या काळात जावे लागते.

माझ्या आईची आई परळच्या एका गिरणीत वाइंडिंग खात्यात कामाला होती. रत्नागिरीकडचे कुटुंब, चाळीतली एक खोली, आजोबा त्याच गिरणीत साच्यावर. आजी पहाटे उठून भाकऱ्या करी, गिरणीत जाई, परत येऊन स्वयंपाक करी. आधी आजोबा, मग गाववाले भाऊबंद, मग मुले जेवत, आणि शेवटी ती. भात, उरलीसुरली आमटी, एखादे वेळी सुकट. १९३४ साली चौथ्या खेपेला तिला दिवस गेले असताना ती पांढरीफटक पडली, जिना चढताना धाप लागू लागली, पायांवर सूज आली. शेजारणी म्हणाल्या, अंगात रक्त नाही. तरी कामाला जात होती. बाळंतपणात ती गेली, मूलही गेले. आई तेव्हा पाच वर्षांची होती. आजीला नेमके काय झाले होते हे सांगणारा कागद नाही. कोणा डॉक्टरने तिला पाहिलेच नव्हते.

ह्या खोलीपासून चालत पाऊण तासाच्या आत परळची हाफकिन संस्था आहे. प्लेगच्या लशीसाठी ती सर्वांना ठाऊक आहे. परंतु १९२८ साली तेथे डॉ. ल्यूसी विल्स नावाची एक इंग्रज बाई आली होती. मुंबईतल्या गरीब स्त्रिया, त्यांत गिरणीत काम करणाऱ्याही, गरोदरपणी पांडुरोगाने फार मोठ्या संख्येने का मरतात, हे शोधण्यासाठी डॉ. मार्गारेट बालफोर यांनी तिला बोलावले होते. ह्या पांडुरोगाचे एक वैशिष्ट्य असे, की रक्तातल्या तांबड्या पेशी संख्येने कमी पण आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या असत. नुसत्या लोहाच्या कमतरतेने पेशी लहान होतात. तेव्हा येथे उणीव दुसऱ्याच कशाची तरी होती.

विल्सबाईंनी पहिली गोष्ट काय केली असेल, तर त्या स्त्रिया काय खातात ते घरोघर पाहिले. विल्स आणि तळपदे ह्या दोन नावांनी १९३० साली मुंबईतल्या स्त्रियांच्या आहाराची आणि राहणीची पाहणी प्रसिद्ध झाली. दूध, फळे, पालेभाजी यांचा ताटात जवळपास पत्ता नव्हता. मग तोच आहार प्रयोगशाळेतल्या उंदरांना दिला, त्यांना पांडुरोग झाला. यीस्ट दिले, तर झाला नाही. पुढे त्या प्रयोगात घोटाळा निघाला, कारण उवांवाटे पसरणाऱ्या एका जंतूमुळेही उंदरांचे रक्त कमी होत होते. विल्सबाईंनी तो मान्य केला आणि माकडांवर प्रयोग नव्याने लावला. मला त्यांच्याबद्दल आदर वाटतो तो ह्या ठिकाणी. औषध म्हणून त्यांनी दिले ते 'मार्माइट', बिअर करताना तळाशी उरणाऱ्या यीस्टचा काळा, खारट, दाट अर्क. इंग्रज लोक तो पावाला लावून खातात. तो पोटात गेल्यावर मरणाच्या दारी असलेल्या बायका बऱ्या होऊ लागल्या. १९३१ साली विल्सबाईंनी हे 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध केले. त्यात कोणते द्रव्य काम करते हे त्यांना माहीत नव्हते, म्हणून लोक त्याला 'विल्स फॅक्टर' म्हणू लागले.

दहा वर्षांनी, १९४१ साली, अमेरिकेत टेक्सासला शास्त्रज्ञांनी चार टन पालकाची पाने घेऊन त्यातून एक द्रव्य चिमूटभर काढले. पान म्हणजे लॅटिनमध्ये 'फोलियम', म्हणून त्याला फॉलिक आम्ल असे नाव दिले. विल्स फॅक्टर तो हाच. पुढे ते कारखान्यात बनवण्याची रीत ज्यांच्या नेतृत्वाखाली सापडली ते येल्लाप्रगडा सुब्बाराव हे आपल्या आंध्रचे होते. नव्या पेशी घडवताना शरीराला हे जीवनसत्त्व लागते, आणि रक्तपेशी व गर्भ यांना तर सदैव नव्या पेशी हव्यात. म्हणून उणीव असली की ती आधी तेथे दिसते. गर्भ राहण्यापूर्वीपासून फॉलिक आम्ल घेतल्यास बाळाच्या पाठीच्या कण्यातले व मेंदूतले काही जन्मजात दोष बऱ्याच अंशी टळतात, हेही १९९१ साली सिद्ध झाले. आज अंगणवाडीत किंवा आरोग्य केंद्रात गरोदर स्त्रीला जी लोहाची गोळी मिळते, तिच्यात हे असतेच.

पालेभाजीत ते आहे, पण ते नाजूक आहे. फार वेळ उकळले तर नाहीसे होते, आणि पाण्यात उतरते. वाल भिजवलेले पाणी खुशाल ओतून द्या. माठ, चाकवत, पालक उकडलेले पाणी मात्र भाजीतच आटवा किंवा आमटीत घाला. भाजीला तेलाची फोडणी द्या, कारण पानांतला जो अंश शरीरात 'अ' जीवनसत्त्व होतो तो स्निग्धांशाबरोबरच अंगी लागतो. तेल-तूप म्हणजे नुसते वजन वाढवणारे, असे हल्ली ज्या त्या मुलीच्या तोंडी ऐकू येते. पण अ, ड, ई, के ही चारही जीवनसत्त्वे स्निग्धांशात विरघळणारी आहेत. उलट ज्या डालड्याच्या पिवळ्या डब्याने आमचे बालपण व्यापले, त्या वनस्पती तुपात तेलावर प्रक्रिया करताना हृदयाला अपायकारक असे ट्रान्स स्निग्धांश तयार होत. २०२२ पासून ते शेकडा दोनवर जाऊ द्यायचे नाहीत असा कायदा झाला. आमच्या घरी कितीतरी दिवाळ्या त्यातच तळल्या गेल्या. असो.

परवा मंडळाने आपल्या सभागृहात हिमोग्लोबिनची तपासणी ठेवली होती. आपल्यापैकी किती जणींचे आकडे कमी निघाले ते मी येथे लिहीत नाही. त्या दिवशी ज्या होत्या त्यांना आठवते. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना पांडुरोग आढळला. त्यात बहुतेकींना लोह कमी पडते, काहींना फॉलिक आम्ल व ब-१२. आणि आपण तर वाशी-नेरूळच्या पक्क्या घरांत राहणाऱ्या, शीतकपाटात भाजी असलेल्या बायका. तपासणीनंतर मी एकीला विचारले, "रात्री जेवायला कधी बसता?" ती हसली आणि म्हणाली, "सगळ्यांचे झाल्यावर. जे उरेल ते."

विल्सबाईंचा हा इतिहास मी प्रथम वाचला तेव्हा माझी आई हयात होती, वय ऐंशीच्या पुढे. ती खिडकीशी बसून वाल सोलत होती. मी तिला सगळे सांगितले: परळची ती संस्था, त्या बाई, तो काळा अर्क, १९३१ साल. आजी त्यानंतर तीन वर्षांनी गेली. आईने मान वर केली नाही. पाच-सहा दाणे सोलून झाल्यावर तिने एवढेच विचारले, "केवढ्याला मिळायचं गं ते तेव्हा?"